बिल्टी आणि दोन सोप सेवा: जावा 17 वर जाताना घेतलेल्या निर्णयांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात एक लहान सॉफ्टवेअर कंपनी ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी प्रणाली बनवते. बिल्टी (मालासोबत जाणारी ट्रान्सपोर्टची पावती), चलान, भाडं, गाडीमालकाचा हिशेब, ई-वे बिल, सगळं एकाच ठिकाणी. ग्राहकांपैकी बरेच जण अमरावती रोडला वाडीत गोदामं असलेले, काही कळमना मार्केटच्या बाजूचे. मी त्या टीमसोबत काम केलं. नावं इथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

या प्रकरणातल्या ग्राहकाची प्रणाली बाहेरच्या दोन सोप सेवांशी बोलायची. सोप म्हणजे दोन प्रणालींनी ठरलेल्या एक्सएमएल लिफाफ्यातून संदेश देण्याघेण्याची जुनी पद्धत. पहिली एका विमा कंपनीची. माल महागाचा असेल तर बिल्टी कापतानाच ट्रान्झिट विम्याचं प्रमाणपत्र मागवायचं आणि आलेला नंबर बिल्टीवर छापायचा. दुसरी बुटीबोरीच्या एका कारखान्याची. तिथल्या डिस्पॅच विभागाला ‘गाडी लागली’ आणि ‘गाडी निघाली’ एवढ्या दोनच गोष्टी कळवायच्या.

सगळं जावा 8 वर चालत होतं. विमा सेवेसाठी जेडीकेसोबत (जावाच्या विकास संचासोबत) येणाऱ्या डब्ल्यूएसइम्पोर्ट या साधनाने क्लासेस तयार केलेले होते. कारखान्याच्या सेवेसाठी ॲपाची ॲक्सिस 1.4 हे सोप साधन वापरलेलं होतं, जे 2006 मध्ये आलं आणि तिथेच थांबलं. मूळ कोड लिहिणारे पुण्याला निघून गेले होते. नंतर आलेल्या मुलांनी सगळं आयुष्य जेसन या हलक्या मजकूर-स्वरूपात काढलेलं. पन्नास हजारांवरच्या मालाला लागणारं ई-वे बिल ती डोळे मिटून करत, पण सोपचं लिफाफ्यात गुंडाळलेलं एक्सएमएल त्यांना परकं होतं.

अडचण

ग्राहकाच्या सुरक्षा तपासणीत जुनं जावा आणि जुनं स्प्रिंग बूट (जावा ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा), दोन्हींवर बोट ठेवलं गेलं. जायचं ठरलं ते जावा 17 आणि स्प्रिंग बूट 3 वर.

इथे पहिली धडक बसली. जावा 6 पासून जेडीकेमध्येच असलेलं जॅक्स-डब्ल्यूएस (जावातलं सोपचं प्रमाण एपीआय) जावा 9 मध्ये काढून टाकण्याच्या यादीत गेलं आणि सप्टेंबर 2018 च्या जावा 11 मधून खरोखरच गेलं. सोबत एक्सएमएल आणि जावा क्लासेस यांची सांगड घालणारं जॅक्सबी गेलं, डब्ल्यूएसइम्पोर्टही गेलं. बाहेरून लायब्ररी आणून ही जागा भरता येते, पण तोवर पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली होती आणि स्प्रिंग बूट 3 नवी नावंच घेऊन येतं. टीममधल्या एकाने जुने तयार क्लासेस तसेच ठेवून जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी बसवून पाहिली. बिल्ड झालं. चालवल्यावर मात्र जॅक्सबीने सांगितलं की या क्लासवर रूट एलिमेंटचं ॲनोटेशनच नाही. ॲनोटेशन डोळ्यांसमोर होतं, फक्त जुन्या पॅकेजातलं. नव्या जॅक्सबीच्या लेखी ते नव्हतंच.

दुसरी अडचण धंद्याची होती आणि स्थलांतराच्या आधीपासूनची. विमा कंपनीचा सर्व्हर कधीकधी रेंगाळायचा. बिल्टीचा पडदा गोल फिरत राहायचा. समोर ड्रायव्हर, मागे हमाल, बाहेर गाडी. क्लार्क वैतागून पुन्हा बटण दाबायचा. पहिली विनंती तिकडे पोहोचलेली असायची, दुसरीही पोहोचायची, आणि एकाच बिल्टीची दोन प्रमाणपत्रं निघून दोन प्रीमियम कापले जायचे. महिनाअखेर अकाउंटंट आणि विमा कंपनी यांच्यात त्यावरून ईमेलांची लांबलचक मालिका चाले.

ग्राहक स्वतः एकदा आयटी पार्कात येऊन बसले आणि टीम लीड असलेल्या मॅडमना म्हणाले, “मॅडम, बिल्टी थांबली तं गाडी थांबते, न गाडी थांबली तं पार्टीचा फोन मलेच येते. तुमचं जावा कोणतं आहे ते माह्या काही कामाचं नाही.” मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घासले गेले.

समोरचे पर्याय

चर्चा सुरू झाली ती लायब्ररींच्या नावांवरून. कुणी सीएक्सएफ म्हणालं, कुणी स्प्रिंग-डब्ल्यूएस, कुणी म्हणालं साधं एचटीटीपी पुरे. मॅडमनी ती चर्चा थांबवली. दोन्ही सेवांच्या डब्ल्यूएसडीएल फायली, म्हणजे सेवेचा करार लिहिलेल्या फायली, भिंतीवर प्रोजेक्ट केल्या आणि सगळ्यांसमोर ओळीने वाचायला घेतल्या. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची बैठक तीच.

विमा कंपनीच्या फाईलमध्ये बाइंडिंग ‘डॉक्युमेंट’ शैलीचं आणि ‘लिटरल’ वापराचं होतं. सुरक्षेसाठी यूजरनेम टोकन, पासवर्ड डायजेस्ट स्वरूपात. स्कीमा (एक्सएमएलचा ठरलेला आराखडा) अवाढव्य, कारण कंपनीच्या सगळ्या विमा प्रकारांचा सामाईक स्कीमा त्यात ओढलेला. कारखान्याच्या फाईलमध्ये शैली ‘आरपीसी’ होती आणि वापर ‘एन्कोडेड’. या एका शब्दाने निम्मे पर्याय बाद झाले. डब्ल्यूएस-आय या संस्थेच्या 2004 च्या बेसिक प्रोफाईलने एन्कोडेड वापर मोडीत काढला आणि जॅक्स-डब्ल्यूएसची साधनं तो स्वीकारतच नाहीत. सीएक्सएफला ती फाईल दिली तर क्लासेस निघत नाहीत, फक्त नकार मिळतो.

मग दोन्ही सेवांचा विचार वेगवेगळा सुरू झाला.

विमा सेवेसाठी सगळ्यात लवकर तयार झालेला पर्याय स्ट्रिंगचा होता. टीममधल्या सगळ्यात तरुण मुलाने एक्सएमएलचा साचा स्ट्रिंगमध्ये ठेवला, रिकाम्या जागी किमती भरल्या आणि एचटीटीपीवरून पाठवून दिलं. चाचणीत नंबर आला. टेबलावर तर्री पोहे आले. मुलाचा उत्साह खरा होता आणि त्याचा युक्तिवादही कच्चा नव्हता: दोनच ऑपरेशन वापरायची, त्यासाठी शेकड्यांनी क्लासेस कशाला?

मॅडमनी त्याला ‘नाही’ म्हटलं नाही. ग्राहकाच्या खऱ्या पार्ट्यांची यादी दिली आणि तिच्यावर चालवून बघ म्हणाल्या. यादीत एका फर्मच्या नावात ‘अँड’ ऐवजी अँपरसँडचं चिन्ह होतं. एक्सएमएल तिथेच फाटलं. पुढचं नाव देवनागरीत होतं. ग्राहकाच्या विंडोज सर्व्हरवर गेटबाइट्सने ते तिथल्या ठरलेल्या अक्षरसंचात बदललं आणि पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग पोहोचली. कॅरेक्टर सेट न सांगता यूटीएफ-8 गृहीत धरणं जावा 18 पासून आलं, 17 मध्ये ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून आहे. तिसरी गोष्ट आणखी त्रासाची. सोपची चूक एचटीटीपी 500 सोबत येते आणि जावाच्या जुन्या एचटीटीपी यूआरएल कनेक्शनमध्ये 500 आलं की नेहमीचा इनपुट स्ट्रीम अपवाद फेकतो. त्या चुकीबद्दलचा मजकूर एरर स्ट्रीममध्ये वेगळा पडून राहतो. त्यामुळे ‘माल प्रकार अमान्य’ असं स्पष्ट उत्तर आलेलं असूनही लॉगमध्ये फक्त 500 दिसत होतं.

या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. पण चौथी सुरक्षेची होती. डायजेस्ट काढताना नॉन्स (दर विनंतीला नवा यादृच्छिक आकडा), तयार झाल्याची वेळ आणि पासवर्ड यांचा शा-1 हॅश काढून तो बेस-64 मध्ये द्यायचा असतो, आणि त्यात नॉन्सचे मूळ बाइट घ्यायचे असतात, त्याचं बेस-64 रूप नाही. मुलाने रूप घेतलं होतं. पलीकडून फक्त ‘ओळख पटली नाही’ एवढंच उत्तर येई, म्हणून चूक कुठे आहे ते कळायला मार्ग नव्हता. सुरक्षेचा भाग हाताने लिहायचा नाही, हे तिथे सगळ्यांना मनापासून पटलं.

उरले तीन. जॅक्स-डब्ल्यूएसची मूळ अंमलबजावणी बाहेरून आणायची, ॲपाची सीएक्सएफ घ्यायचं, किंवा स्प्रिंग-डब्ल्यूएसचं वेबसर्व्हिसटेम्प्लेट वापरायचं.

मूळ अंमलबजावणीत जुना कोड कमीत कमी हलला असता, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. जेडीकेसोबत येणाऱ्या आवृत्तीत टाइमआउटच्या प्रॉपर्टीच्या नावात ‘इंटर्नल’ हा शब्द असतो, बाहेरून आणलेल्यात नसतो. जुनं नाव तसंच ठेवलं तर ना एरर येते ना इशारा. सेटिंग गुपचूप दुर्लक्षित होतं, आणि मुळात टाइमआउट नसल्यामुळे थ्रेड कितीही वेळ अडकून राहतो. वायरमॉकवर उशिरा उत्तर देणारा खोटा सर्व्हर उभा करून टीमने हे प्रत्यक्ष पाहिलं. हे नाव बदलणं एका ओळीचं काम आहे. पण गोल फिरणारा पडदा हीच मूळ तक्रार असताना ‘सांगितलं नाही तर अनंतकाळ थांब’ असं वागणारं साधन नको, असं मॅडमचं मत पडलं आणि मलाही ते योग्य वाटतं. सीएक्सएफमध्ये काहीच सांगितलं नाही तरी जोडणीला 30 सेकंद आणि उत्तराला 60 सेकंदांची मर्यादा असते.

स्प्रिंग-डब्ल्यूएस शेवटपर्यंत बरोबरीत होतं. चालू असताना त्याला डब्ल्यूएसडीएल लागत नाही, चाचणीसाठी खोटा सर्व्हर सोबतच मिळतो, आणि टीमला स्प्रिंगची सवय होती. पण विमा कंपनीची ऑपरेशन, त्यांच्या चुका आणि सुरक्षेचं धोरण डब्ल्यूएसडीएलमध्ये व्यवस्थित लिहिलेलं होतं. सीएक्सएफ ते वाचून इंटरफेस आणि अपवादांचे क्लासेस तयार करून देतं. टेम्प्लेटमध्ये तोच भाग हाताने जोडावा लागला असता. सेवा पुरवणाऱ्याने करार नीट लिहिला असेल तर त्याचा पुरा फायदा घ्यावा, या विचाराने सीएक्सएफ 4 निवडलं. त्याला जावा 17 लागतं आणि ते जकार्ता नावांवरच चालतं, म्हणजे दिशाही जुळत होती.

कारखान्याच्या सेवेचा पेच वेगळा होता. ॲक्सिस 1.4 तसंच ठेवावं, एवढंच नव्हे तर त्याच्यासाठी जावा 8 ची एक छोटी वेगळी प्रक्रिया चालवावी, असाही प्रस्ताव आला. तो सुरक्षेवर पडला. एचटीटीपीएस जोडणीत प्रमाणपत्रावरचं सर्व्हरचं नाव ॲक्सिस 1.4 नीट ताडून पाहत नाही, ही त्रुटी 2012 पासून जाहीर आहे. ज्या तपासणीमुळे हे सगळं सुरू झालं तिलाच बगल देण्यासारखं ते झालं असतं. कारखान्याला नवी सेवा मागून पाहिली. त्यांची प्रणाली तिसऱ्याच कोणाकडून घेतलेली होती आणि ती बदलायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा दोन छोट्या संदेशांसाठी सोपचा लिफाफा साज वापरून, म्हणजे जावासाठीच्या सोप संदेश एपीआयने, हाताने बांधायचं ठरलं.

टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे रुचलं नाही. “एका घरात दोन चुली कशाला?” असं ते म्हणाले. म्हणणं वावगं नव्हतं. दोन पद्धती म्हणजे दोन ठिकाणी ज्ञान, दोन ठिकाणी चुका. मॅडमचं उत्तर असं होतं की दोन सेवांचे करारच इतके वेगळे आहेत की एक साधन दोन्हीकडे लावलं तर एका ठिकाणी ते कायम ओढूनताणून बसवावं लागेल. फक्त बिल्टीच्या कोडला यातलं काहीही दिसू द्यायचं नाही, ही अट त्यांनी घातली.

काय केलं

जुनी प्रणाली बंद करण्याआधी तिच्याकडून जाणारे आणि येणारे संदेश जसेच्या तसे साठवले, पासवर्ड झाकून. नव्या कोडने तयार केलेला प्रत्येक संदेश या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिला. या कंटाळवाण्या कामाने एक मोठा घोटाळा वेळीच पकडला.

बिल्टी कापताना गाडी नंबर पुष्कळदा ठरलेला नसतो. विम्याच्या स्कीमात ते खाणं ऐच्छिकही होतं आणि ‘निल’ चालणारंही. अशा खाण्यासाठी जॅक्सबी किंमत सरळ न देता जॅक्सबी-एलिमेंटच्या वेष्टनात देतं. ते वेष्टन डोकेदुखी वाटून एकाने बाइंडिंग फाईलमध्ये ते बंद केलं. कोड छान सुटसुटीत झाला. पण नमुन्याशी ताडताना दिसलं की जुन्या संदेशात गाडी नंबरचा टॅगच नसायचा आणि नव्यात तो होता, आत ‘निल’ लिहून. वेष्टन नसलं की ‘सांगितलंच नाही’ आणि ‘मुद्दाम रिकामं’ यातला फरक दाखवायला जागा राहत नाही. विमा कंपनीच्या चाचणी सर्व्हरने असा संदेश नाकारला. वेष्टन परत आणलं.

डब्ल्यूएसडीएल आणि स्कीमा गिटमध्ये ठेवले, क्लासेस बिल्डच्या वेळी मेव्हन प्लगइनने तयार होऊ लागले. तयार क्लासमध्ये डब्ल्यूएसडीएलचा पत्ता लिहिलेला असतो. तो क्लासपाथवरच्या प्रतीकडे वळवला नाही तर विमा कंपनीचा सर्व्हर बंद असताना आपलं ॲप्लिकेशन सुरूच होत नाही.

वाडी आणि कळमना या दोन शाखांची विमा कंपनीकडे वेगवेगळी खाती होती. सीएक्सएफचा प्रॉक्सी (सेवेला कॉल करणारा तयार ऑब्जेक्ट) अनेक थ्रेडना चालतो, पण त्याचा रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट मुळात सामाईक असतो. दर कॉलला त्यात खातं बदलत बसलं तर गर्दीच्या वेळी वाडीची बिल्टी कळमन्याच्या खात्यावर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक शाखेसाठी वेगळा प्रॉक्सी सुरुवातीलाच एकदा तयार करून ठेवला. सर्व्हरचं घड्याळही नेटवर्कवरून जुळतं ठेवलं. सीएक्सएफ सुरक्षेसाठी वापरतं त्या डब्ल्यूएसएस-फोर-जेच्या मूळ सेटिंगमध्ये वेळेचा शिक्का 300 सेकंदांपर्यंत जुना चालतो, पण पुढचा असेल तर 60 सेकंदच. म्हणजे घड्याळ दीड मिनिट पुढे असलं तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो.

कारखान्याच्या सेवेत पाठवणं सोपं गेलं, वाचणं जड. ॲक्सिस 1 चं उत्तर किंमत जागेवर देईलच असं नाही. जागेवर फक्त एक निर्देश असतो आणि खरी किंमत खाली मल्टिरेफ नावाच्या घटकात. आयडी जुळवून ती शोधणारा छोटा भाग लिहावा लागला. हा कोड कोणी पहिल्यांदा उघडला तर गोंधळेल, म्हणून त्याच्या शेजारीच खऱ्या उत्तराचा नमुना ठेवला.

आता टाइमआउट. लायब्ररी कोणतीही असो, मर्यादा संपली म्हणजे एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. प्रमाणपत्र निघालं की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून आपोआप पुन्हा पाठवण्यावर बंदी घातली. विमा कंपनीच्या चार ऑपरेशनपैकी एक चौकशीचं होतं, ज्यात आपला संदर्भ क्रमांक दिला की त्यावर निघालेलं प्रमाणपत्र मिळतं. जुन्या कोडने ते कधीच वापरलं नव्हतं. शाखा आणि बिल्टी नंबर मिळून संदर्भ क्रमांक ठरवला. टाइमआउट झाला की आधी चौकशी, प्रमाणपत्र नसेल तरच नवी विनंती. टाइमआउटनंतर लगेच विचारलं तर पहिली विनंती तिकडे अजून चालू असू शकते, म्हणून चौकशी थोडं थांबून आणि एकापेक्षा जास्त वेळा केली जाते.

त्याचबरोबर बिल्टी आणि विमा यांची गाठ सोडवली. बिल्टी लगेच छापायची, विम्याची विनंती मागे रांगेत चालवायची. इथे तांत्रिक टीमने थांबून ग्राहकाला विचारलं, कारण विम्याविना माल रस्त्यावर गेला तर जोखीम त्यांची. ग्राहकाने मार्ग सांगितला: बिल्टी निघू द्या, पण नंबर आल्याशिवाय गेटपास निघायला नको. गाडी भरायला तसाही वेळ लागतो, त्या वेळात नंबर येऊन जातो.

निकाल

आधी वाडीची शाखा नव्या प्रणालीवर आणली, मग कळमना. बिल्टीचा पडदा अडकणं थांबलं. त्यानंतरच्या महिनाअखेरच्या ताळ्यात दुहेरी प्रमाणपत्र निघालं नाही. विमा कंपनीचा सर्व्हर अजूनही रेंगाळतो, पण आता ते क्लार्कला नाही, रांगेच्या लॉगला कळतं. सुरक्षा तपासणी पार पडली.

गेटपास अडल्याच्या तक्रारी मात्र सुरू झाल्या, विशेषतः संध्याकाळी, जेव्हा गाड्या एकदम सुटतात. अशा वेळी शाखा व्यवस्थापक विमा कंपनीला फोन करून नंबर घेतो आणि तो हाताने भरण्याची सोय पुढे करून दिली. हाताने भरलेला नंबर रात्री चौकशीच्या ऑपरेशनने पडताळला जातो.

वेगळं काय करता आलं असतं

चौकशीचं ऑपरेशन वर्षानुवर्षं डब्ल्यूएसडीएलमध्ये होतं. दुहेरी प्रीमियमची दुरुस्ती जावा 8 वर असतानाच, कोणतीही लायब्ररी न बदलता होऊ शकली असती. ती आधी केली असती तर ग्राहकाचा त्रास लवकर संपला असता आणि स्थलांतराचं काम निवांतपणे, वेगळं करता आलं असतं. दोन्ही एकदम केल्यामुळे चाचणीत काही बिघडलं की दोष नव्या साधनाचा की नव्या रांगेचा, हे शोधण्यात वेळ गेला.

विमा कंपनीला विचारण्यासारखा एक प्रश्नही सुरुवातीलाच लेखी विचारायला हवा होता: एकच संदर्भ क्रमांक दोनदा आला तर तुमची प्रणाली काय करते? उत्तर शेवटी मिळालं, फोनवर, आणि ते ‘दुसरं प्रमाणपत्र निघतं’ असंच होतं.

स्प्रिंग-डब्ल्यूएस निवडलं असतं तर काय झालं असतं, यावर टीममध्ये आजही दोन मतं आहेत. विमा कंपनी स्कीमा बदलते तेव्हा सीएक्सएफचे शेकडो क्लासेस पुन्हा तयार होतात आणि वापरात नसलेल्या भागातल्या बदलामुळेही कधी बिल्ड अडतं. टेम्प्लेटमध्ये फक्त लागणारे दोन संदेश बांधले असते तर हा त्रास कमी झाला असता. पण करारातला बदल बिल्डच्या वेळीच समोर येतो हा फायदाही तितकाच खरा आहे. सेवा वारंवार बदलणारी असती आणि डब्ल्यूएसडीएल विस्कळीत असतं तर मी टेम्प्लेटच्या बाजूने बोललो असतो.

साजचा कोड सध्या दोघांना नीट समजतो. कारखान्याने प्रणाली बदलली तर तो एका इंटरफेसमागून काढून टाकता येईल अशी रचना आहे. तोवर दर नव्या माणसाला पहिलं काम म्हणून मल्टिरेफचा तो नमुना हाताने उलगडायला दिला जातो.